सव्वा मूठ गहू

मालतीबाईने आयुष्यात तीनदा बिऱ्हाड बांधलं, आणि तिन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही. पहिल्यांदा लग्न होऊन बोरखेड्याला आली, ती तर जगाचीच रीत. दुसऱ्यांदा अमळनेरकडचं ते बोरखेडं सोडून सुरतेला आली, लिंबायतच्या एका खोलीत. तिथे नवरा सुपडू आणखी चार गाववाल्यांबरोबर राहत होता. बायको आली म्हणून त्या चौघांना दुसरीकडे खोली बघावी लागली, आणि त्यांनी पुढे वर्षभर मालतीशी धड तोंड उघडलं नाही. जणू काही तीच हट्ट करून आली होती. तिसऱ्यांदा लिंबायतहून डिंडोलीला, स्वतःच्या घरात. दोन खोल्या, वर पत्र्याचा माळा, आणि दारात एक खुर्ची मावेल एवढा ओटा.

दर वेळी भांडी पोत्यात भरताना ती म्हणायची, आता पुरे. म्हणून या चैत्रात एका सकाळी सुपडूने चौथ्या बिऱ्हाडाची गोष्ट काढली, तेव्हा तिने हातातली साडी खालीदेखील ठेवली नाही. साडीवर खडे चिकटवायचं काम ती घरीच करते. गठ्ठे सकाळी येतात, संध्याकाळी जातात, आणि गोंद बोटांना कायमचा राहतो.

"ललितनी माय, आते बस व्हयनं! गावले चालनं जाऊत! समदा जन!"

"हा, आयकं. गल्लीनी बी आयकं."

गल्लीने खरोखरच ऐकलं होतं. सुपडूची जवानी लूमच्या खटखटाटात गेली, तिथेच कान गेले, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो हळू बोलणार कसा? या घरात कुजबुज नावाची गोष्टच नाही. मुलगा ललित संध्याकाळी कामावरून परतला तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याने त्याला विचारलं, "गाँव कब जा रहे हो?" बापाचा बेत पोराला पानवाल्याकडून कळला. असं घर शोधून सापडायचं नाही.

बेतामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. सुपडू पांडेसऱ्याच्या ज्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, काम करत होता, तिथली जुनी मशीनं शेठने भंगारात काढली. नवं खातं दूर, मशीनं नवी, आणि ती चालवायला मिसरूड न फुटलेली पोरं. शेठ माणूस वाईट नव्हता. "काका, हवे तमे आराम करो," म्हणाला, आणि मिठाईचा डबा दिला. तेव्हापासून सुपडूचा आराम चालू होता. सकाळी खुर्ची दारात यायची, रात्री आत जायची. मधल्या वेळात तो येणाऱ्या-जाणाऱ्याला गावच्या गोष्टी सांगायचा: तिकडची हवा, तिकडची दादर ज्वारीची भाकर, तापीचं पात्र. दुरून डोंगर साजरे. याच माणसाला तरुणपणी त्या गावात चार दिवस काढायचे तर जीव नकोसा व्हायचा, हे मालतीला चांगलं आठवत होतं. पण आठवण करून देण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं.

ललितला गाव म्हणजे परमुलूखच. तो रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकाशी हिंदी, शेठशी गुजराती, घरी आई-बापाशी अहिराणी, आणि सरकारी मराठी वाचायची वेळ आली की बोट ठेवून वाचतो. त्याची बायको धनश्री बमरोलीत जन्मली, बमरोलीत वाढली. तिने मांडीवरच्या सहा महिन्यांच्या चेतनकडे बघत विचारलं, "मम्मी, तिकडे शाळेत सगळं मराठीतच असतं का?" चेतनला अजून दात पुरते यायचे होते, आणि त्याच्या शाळेची काळजी सुरू झाली होती.

बाप-लेकात आठ दिवस खडाजंगी झाली. म्हणजे ललित बोलायचा, ते सुपडूला ऐकू जायचं नाही, आणि सुपडू बोलायचा ते सगळ्या डिंडोलीला जायचं. शेवटी ललित कंटाळून म्हणाला, "मम्मी जे सांगी ते फायनल." सुपडूला ते हातवारे करून समजावलं. तोही लगेच तयार झाला. "हा! तिलेच इचारा!"

दोघांनाही खात्री होती की ती आपल्याच बाजूची आहे.

आता बघा, ज्या बाईला उभ्या जन्मात कुणी विचारलं नाही, तिला विचारलं ते हे असं. घर मोडायचं की नवऱ्याचं मन मोडायचं, एवढंच तिच्या हातात दिलं. मालतीला त्याचा मान वाटला नाही, रागच आला. मग राग गेला आणि नुसता थकवा उरला. तिला जायचं नव्हतं. पोतं, सुतळी, ट्रक, नव्या जागी पाण्याची वेळ काय आणि चूल कुठे, या सगळ्याचा विचार आला तरी तिची कंबर धरायची. पण सुपडूकडे बघवत नव्हतं. दाढी तो आठवड्यातून एकदा करायचा. शर्ट तोच. खायचा, पण काय खाल्लं ते विचारलं तर सांगता यायचं नाही. हा माणूस या खुर्चीत बसून बसून संपणार, हे तिला दिसत होतं. म्हणून तिने मनात ठरवून टाकलं: हो म्हणायचं. एक डाव शेवटचा. कुणाला बोलली नाही, एवढंच म्हणाली, "श्रावनमा रोटले गावले जाऊत. मंग सांगसू."

रोट म्हणजे कानबाईचे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाची देवी, तिला साडी-चोळी, नथ, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर नेऊन नारळ पाण्यात बुडवून परत घरी. आणि तिच्या नैवेद्याचे गव्हाचे जाड रोट, ते फक्त कुळाने खायचे. लेक लग्न होऊन गेली की तिलासुद्धा त्यातला तुकडा मिळत नाही. सगळं भाऊबंद एका घरी जमतं. नातवाचा हा पहिला श्रावण, तेव्हा तो आपल्या मूळ घरीच व्हावा, असं सुपडूलाही वाटलं. तो तर त्या दिवशी दोनदा दाढी केल्यासारखा तुकतुकीत दिसायला लागला.

मालतीच्या मनात एकच शंका होती. डिंडोलीतल्या घरातही कानबाई होती. लॉकडाऊनच्या वर्षी गाड्या बंद, गाव बंद, देवीचं वर्ष तर चुकवायचं नाही. म्हणून तिने शेजारच्या खानदेशी बायकांना हाताशी धरून घरीच नारळ बसवला होता. पुढच्या वर्षी ललितला रजा नव्हती, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही, आणि असं करता करता तीच रीत पडून गेली. आता तो रविवार येतो तेव्हा गल्लीतल्या बायका आपसूक मालतीच्या दारात चपला काढतात.

"आपली कानबाई आठे शे. तिनं काय?" तिने विचारलं.

"कानबाई एकच शे! आठे काय नि तठे काय!" सुपडू म्हणाला. त्याला गावच्या गाडीची तिकिटं दिसत होती.

शुक्रवारी उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी धरून सगळे निघाले. नवापूरनंतर सुपडू खिडकी सोडेना. प्रत्येक स्टेशनाचं नाव तो मोठ्याने वाचायचा, आणि डब्यातली माणसं वळून बघायची. ललितने कानात गाणी घातली होती. चेतन आजीच्या मांडीवर झोपला. मालती विचार करत होती की गावच्या घराच्या आपल्या वाट्याला मोरी नाही, ती आधी करून घ्यावी लागेल. म्हणजे बघा, बाई मनाने पोचलीसुद्धा होती.

बोरखेड्यात थोरला दीर, म्हणजे सुपडूचा भाऊ रघुनाथ, आणि जाऊ मंदा. त्यांनी स्वागत चांगलं केलं, यात खोट नाही. घराच्या सुपडूच्या वाट्याच्या खोलीत रघुनाथचा मुलगा गजेंद्र बायकोसह राहत होता. तिथे त्याचं कपाट, शिलाई मशीन, भिंतीला नवा रंग. "काका, तुम्ही येनार असशात तं आम्ही काढी लेसूत," गजेंद्र म्हणाला, आणि त्याची बायको उठून आत गेली. सुपडूने त्याच्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी नातवाला खांद्यावर घेऊन तो गावभर फिरला, आणि गावाला त्याचं प्रत्येक वाक्य ऐकू गेलं. रात्री अंगणात खाटेवर पडताना त्याने मालतीकडे बघून मान हलवली: बघ, म्हणालो होतो ना?

तिला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं हो म्हणून. पण पडल्या पडल्या झोप लागली.

शनिवारी सकाळी रोटांचं धान्य काढायला बायका बसल्या. याची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. भरली मूठ, आणि वर तिचा चौथाई. नाव घ्यायचं आणि मूठ ताटात सोडायची. आज जन्मलेल्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत कुणी सुटायचा नाही. बायकांच्या नावाची मूठ नसते. बायकांनी निवडायचं, दळायचं, थापायचं. मंदाबाई थोरली, तिने मूठ घ्यायची. रघुनाथचं नाव झालं, गजेंद्रचं झालं, त्याच्या धाकट्या भावाचं, वाल्मिकचं झालं, नातवंडांची झाली. मग चुलत घरची. मालतीने चेतनला मांडीवर सरळ बसवलं, झबलं ओढून नीट केलं.

मंदाबाईने हात झटकले आणि ताटावर फडकं टाकलं.

"बाई, आमन्या ऱ्हायन्यात," मालती म्हणाली.

मंदाबाई खाली बघूनच बोलली, हळू. "मालती, तुमना रोट तं सुरतले व्हतस ना आते? एक माणूसनी मूठ दोन जागे लेतस नई. आपला घरमा ते चालस नई."

"पन बाई, तव्हय तं गाड्या बंद व्हत्यात..."

"माले समजस. पन ज्यानी कानबाई येगळी बसाडी त्याना रोट येगळा व्हयनात. तू त्या साल व्हिडिओ बी धाडेल व्हता. समदास्नी देखा." मंदाबाईचा आवाज आणखी उतरला. "मी काय मन्हा मनथीन सांगी ऱ्हायनू का? देवीनं काम शे. माले भ्याव लागस."

व्हिडिओ धाडला होता, हे खरं. नथ घातलेला नारळ, मागे निळी साडी, आणि मालतीचा आवाज: बघा, आम्ही सुरतेत राहून पण चुकवलं नाही. भाऊबंदांच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले होते. त्या जोडलेल्या हातांचा अर्थ तिने नमस्कार असा घेतला. तो निरोपही असू शकतो, हे तिला कोण सांगणार होतं? देवीचं वर्ष पाळायला गेली आणि भाऊबंदकीतून वेगळी होऊन बसली. तीही नवऱ्याला आणि पोराला घेऊन, स्वतःच्या हाताने.

मंदाबाईने तोडगाही सांगितला. डिंडोलीचा नारळ इथे आणून तापीत सोडून द्यायचा, मग सगळे एका पंगतीत बसतील. पण इथे राहायला येणार असाल तरच. नुसतं येऊन-जाऊन नाही. ती खरंच देवीला भ्यायली होती, की गजेंद्रच्या रंगवलेल्या भिंतीला, हे मालतीला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. दोन्ही असेल. माणसाची भक्ती आणि सोय बहुतेक वेळा एकाच खाटेवर निजतात.

अंगणातून सुपडूने हाक मारली. "काय म्हनी ऱ्हायन्यात त्या? चेतननी मूठ लिधी का?"

रघुनाथ बैलाच्या गळ्यातली घंटा सारखी करायला लागला. मालती उठली, अंगणातल्या निंबाखाली सुपडूजवळ गेली, आणि मंदाबाईने जे हळू सांगितलं होतं ते तिला ओरडून सांगावं लागलं. हळू सांगितलं तर त्याला ऐकू गेलं नसतं.

"आपली मूठ आठे लेतस नई!"

"काय?"

"आपला रोट येगळा व्हयी गयात! मी तठे कानबाई बसाडी तव्हय!"

शेजारच्या दोन घरांतली माणसं ओट्यावर आली. सुपडूला आता ऐकू गेलं होतं. त्याने अंगणातल्या एकेकाकडे बघितलं, भावाकडे जरा जास्त वेळ. मग "बरं," एवढंच म्हणाला. मालतीने त्याला इतकं थोडं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या क्षणी कुणी तिचे केस धरून ओढले असते तरी तिला बरं वाटलं असतं.

थांबायला वेळच नव्हता. इथे मूठ नाही, आणि उद्या रविवार. डिंडोलीतही देवी बसली नाही तर वर्षच बुडणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्याच दुपारची गाडी धरली. मंदाबाईने वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या आणि निघताना तिचे डोळे भरले, तेही खोटे नव्हते. गाडीत ललितने कानात गाणी घातली नाहीत. बापाला जागा करून दिली, पाणी आणून दिलं. दोंडाईच्याच्या पुढे सुपडू एकदाच बोलला. "पुढला सालले नारळ लई येऊत."

मालतीने खिडकीबाहेर बघितलं. आपण हो म्हणायला गेलो होतो आणि ते अजून कुणाला माहीत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. अजूनही म्हणता येण्यासारखं होतं. एक नारळ तर पाण्यात सोडायचा. पण तो नारळ तिने बसवलेला. त्या वर्षी, रस्त्यावर कुत्रं फिरत नव्हतं तेव्हा, कुणाला न विचारता तिने केलेली ती एकच गोष्ट. नंतर पाच घरच्या बायका तिच्याकडे बघून 'आता काय करू?' असं विचारायला लागल्या, तेही ह्याच जन्मात. बोरखेड्यात ती धाकटी जाऊ होती आणि मरेपर्यंत धाकटीच राहणार होती.

रविवारी पहाटेच तिने चक्कीवाल्याला उठवून चक्की धुवायला लावली. घरी येऊन ताट घेतलं, गहू घेतले, पाट मांडला. धनश्रीने चेतनला न्हाऊ घालून आणलं. ललितही काही न सांगता जवळ येऊन बसला. सुपडू दारातल्या खुर्चीवरून उठून आत आला आणि उभा राहिला.

"ललितनी ले, चेतननी ले," तो म्हणाला. "मन्ही ऱ्हाऊ दे."

"काब्रं?"

"आठे लिधी म्हनजे तठे लेवाव नईत. पुढला सालले मी तठे ऱ्हासू."

मालतीचा हात गव्हातच राहिला. म्हणजे हा एकटा जायला निघाला होता. घरातल्या मुठीसुद्धा वाटून घ्यायला तयार होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिला कळलं, की आता बोलायचं ते आपल्यालाच, आणि ते मोठ्यानेच बोलावं लागणार. तिने श्वास घेतला.

"मी येवाव नई!"

धनश्री दचकली. समोरच्या घरातलं दार उघडलं.

"मी थकी गऊ. माले आते कोठेच जानं नई. तुमले जानं व्हई तं जा, मी अडावाव नई. तुमनी मूठ तुमनी शे. पन मी येवाव नई, नि हाई नारळ मी पानीमा सोडाव नई!"

एवढं बोलून तिला दम लागला. ललित आईकडे पहिल्यांदाच बघावं तसा बघत होता. सुपडू तसाच उभा. त्याने दाराबाहेर बघितलं, मग पाटाकडे, मग नातवाकडे, तो गहू तोंडात घालायच्या बेतात होता. धनश्रीने त्याची मूठ उघडून दाणे काढून घेतले.

"एकला जाईसन मी काय करू तठे?" सुपडू म्हणाला. विचारत होता की सांगत होता, कुणास ठाऊक.

"ते माले काय इचारतस?"

मालतीने घाई केली नाही. दुधवाला येऊन गेला. मग सुपडू गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"ले मंग," तो म्हणाला. "पन सव्वा ले, कमी लेऊ नको."

मालतीने पदर डोक्यावर घेतला. त्याचं नाव मोठ्याने घेतलं, भरली मूठ ताटात सोडली, आणि वर चौथाई घालताना जरा जास्तच घातले.